सातबारा ही तारीख नव्हे: मजकुरातून तारखा आणि वेबपत्ते वेगळे काढताना

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. शासन निर्णय, परिपत्रकं आणि राजपत्रं यांच्या काही हजार पीडीएफ तुमच्याकडे आहेत. त्यांतला मजकूर काढून झाला आहे. आता पायथॉनमध्ये त्यातल्या सगळ्या तारखा आणि संकेतस्थळांचे पत्ते वेगळे करायचे आहेत. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला साचा शोधणारं सूत्र, थोडक्यात रेजेक्स) लिहिलं, पण रोज नवा अपवाद निघतो आणि एक दुरुस्त केला की दुसरीकडे मोडतं. म्हणून सगळ्याला पुरेल असं एकच पक्कं रेजेक्स हवं आहे.

असं रेजेक्स नाही, आणि ते शोधण्यात मी स्वतः बरेच महिने घालवले आहेत. अडचण रेजेक्स कच्चं असण्याची नाही. तुम्ही दोन कामं एका ओळीत कोंबताय. ‘इथे तारखेसारखं काहीतरी दिसतंय’ हे हेरणं एक, आणि ‘ही तारीखच आहे का, असली तर कोणती’ हे ठरवणं दुसरं. हेरताना हात सैल ठेवायचा, चार खोटे सापडले तरी चालतील. ठरवताना मात्र कडक व्हायचं. एकाच पॅटर्नकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की तो तीनशे अक्षरांचा होतो आणि महिन्याभराने तुम्हालाच वाचता येत नाही.

तयार कोड चिकटवत नाही, कारण नेमके पॅटर्न तुमच्या कागदांवरून ठरतील. सांगाडा सांगतो.

सुरुवात मजकुराच्या सफाईपासून. मराठी कागदांत निम्मी लढाई इथेच असते. पायथॉन ३ मध्ये ‘कोणताही अंक’ सांगणारं बॅकस्लॅश डी हे चिन्ह देवनागरी अंकांनाही लागू पडतं, आणि ‘१५’ हे मजकुराची संख्या करणाऱ्या इंटला दिलं तर बिनतक्रार पंधरा मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं. म्हणजे सर्व्हरवर पास झालेली तारीख ब्राउझरमध्ये नापास होते आणि कुणालाच कारण सापडत नाही. मजकुरातून तारीख वाचणाऱ्या पायथॉनच्या स्ट्रपटाइमला देवनागरी अंक पचतात की नाही यावरही विसंबू नका. सगळे अंक आधीच इंग्रजीत बदलून घ्या. एका अंकाच्या जागी एकच अंक येतो, त्यामुळे मजकुरातल्या जागा सरकत नाहीत.

अक्षरांचं तसं नाही. बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’ असं आपण शिकतो, पण पायथॉनमध्ये रेजेक्स चालवणाऱ्या मूळ री मॉड्यूलला मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही शब्दातली अक्षरं वाटत नाहीत. ‘सप्टेंबर’ दिलात तर ‘सप’, ‘ट’ आणि ‘बर’ असे तीन तुकडे हातात येतात. शब्दाची हद्द सांगणारं बॅकस्लॅश बी त्याच समजुतीवर चालतं. तुम्ही मे महिना शोधायला ‘मे’च्या दोन्ही बाजूंना हे चिन्ह लावलंय, आणि त्याचा परिणाम पाहा: ‘मे २०१९’ मध्ये ते सापडत नाही, कारण मात्रेनंतर मोकळी जागा आली तर त्याच्या लेखी तिथे हद्दच नाही. उलट ‘मेळावा’मध्ये ते आनंदाने सापडतं. तुमच्या यादीत मे महिन्याच्या तारखा का नाहीत, याचं उत्तर बहुधा हेच. रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं, ते मात्रांना शब्दात धरतं. ते वापरा, किंवा मागेपुढे देवनागरी अक्षर नको असं स्वतः लिहा.

मे महिन्याची आणखी एक गंमत म्हणजे मेसर्स, कारण त्याचंही लघुरूप ‘मे.’च. ‘दि. ३ मे. अमुक ट्रेडर्स यांचे पत्र’ अशी ओळ निविदेच्या कागदांत भेटते. यात तारीख आहे की लिहिणाऱ्याने ‘दि.’नंतरचा भाग गाळलाय, हे माणसालाही दोनदा वाचावं लागतं. मी अशा ओळी शंकेच्या खात्यात टाकतो.

मग ऑगस्ट. एक ‘ऑ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसरा ‘आॅ’ म्हणजे ‘आ’ लिहून त्यावर चंद्र ठेवलेला. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात दुसरा प्रकार हमखास असतो. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) चालवलंत तरी हे दोन एक होत नाहीत, तो बदल हातानेच लिहावा लागतो. तसंच ‘दिनांक:’ कुणी अपूर्णविरामाने लिहितं, कुणी विसर्गाने. शिवाय न दिसणारे शून्य रुंदीचे जोडकही अधूनमधून असतात. हे सगळं साफ करताना अक्षरांची संख्या बदलते, म्हणून साफ मजकुरातली कुठली जागा मूळ मजकुरात कुठे होती याची नोंद सोबत ठेवा. सापडलेली तारीख मूळ पानावर पिवळ्या रंगात दाखवा असं वरिष्ठ एक दिवस म्हणणारच आहेत.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधले कागद असतील तर एक सावधगिरी. संपूर्ण मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात, तर त्यातला इंग्रजी वेबपत्ताही ‘मराठी’ होतो आणि त्याची अक्षरशः माती होते. कन्व्हर्टरच्या आधी पत्ते उचलून बाजूला ठेवा.

यातूनच कामाचा क्रम ठरतो: आधी ईमेल, मग वेबपत्ते, मग तारखा. ईमेल आधी काढले नाहीत तर अॅटच्या चिन्हापुढचा भाग संकेतस्थळ म्हणून पकडला जातो. वेबपत्ते आधी काढले नाहीत तर त्यांच्या पोटातल्या तारखा बाहेर येतात. बातम्यांच्या संस्थळांवर पत्त्यातच वर्ष, महिना आणि दिवस तिरक्या रेघांनी जोडलेले असतात. जे उचललं त्याच्या जागी तितक्याच लांबीची एखादी निरुपद्रवी खूण भरा, म्हणजे पुढच्या फेरीला तिथे काही दिसणार नाही.

वेबपत्त्यांसाठी प्रमाण म्हणजे आरएफसी ३९८६, जानेवारी २००५ चं. त्याच्या परिशिष्टात एक रेग्युलर एक्स्प्रेशन दिलेलं आहे आणि बरेच जण ते उचलून शोधायला लावतात. ते शोधण्यासाठी नाहीच. हातात असलेला पत्ता त्याच्या भागांत तोडण्यासाठी आहे, आणि जवळपास कुठलाही मजकूर त्यात बसतो. पत्ता कुठे संपतो, हा खरा प्रश्न आहे. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि कंस ही सगळी चिन्हं पत्त्यात कायदेशीर आहेत. विकिपीडियाच्या कितीतरी पानांच्या पत्त्यांत शेवटी कंस असतो. मी गिटहबच्या मार्कडाउनचा नियम वापरतो: शेवटी पूर्णविराम, स्वल्पविराम, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल तर ते पत्त्याचं नाही. आणि शेवटी मिटणारा कंस असेल तर पत्त्यातले उघडणारे आणि मिटणारे कंस मोजायचे, मिटणारे जास्त असतील तर जादाचे सोडून द्यायचे. पूर्ण अचूक नाही, पण वर्षानुवर्षं पुरलं आहे.

हे झालं इंग्रजी मजकुराचं. मराठीत आपण पत्त्याला प्रत्यय चिकटवतो. ‘डॉट इन’ला जोडूनच ‘वर’, ‘वरून’, ‘ला’. देवनागरी अक्षरं चालू द्या म्हटलं तर ‘इनवर’ हा डोमेनचा शेवट ठरतो. चालू देऊ नका म्हटलं, तर ‘डॉट भारत’चे पत्ते हातचे जातात, आणि ते डोमेन देवनागरीत २०१४ पासून आहे. माझा उपाय असा: शेवटच्या टिंबानंतरच्या तुकड्यात रोमन अक्षरांनंतर अचानक देवनागरी सुरू झाली, तर जोडावर कापायचं. मग उरलेला शेवट आयाना या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या, डोमेनच्या शेवटांच्या यादीत आहे का ते पाहायचं. त्या यादीत ‘भारत’ देवनागरीत सापडणार नाही, प्युनीकोडच्या, म्हणजे रोमन अक्षरांत बदललेल्या, रूपात असतो, म्हणून तपासण्याआधी रूपांतर करा.

यादीशी ताडून पाहिल्याशिवाय उघडे पत्ते, म्हणजे पुढे एचटीटीपी किंवा तीन डब्ल्यू नसलेले, स्वीकारूच नका. टंकलेखकाने पूर्णविरामानंतर जागा सोडली नाही की ‘करावी.सदर’ हे डोमेनसारखं दिसतं. ते यादीवर अडेल. पण इंग्रजी परिपत्रकात वाक्य संपून पुढचं ‘इन’ने सुरू झालं आणि मध्ये जागा नसली, तर ते यादीतूनही सुटतं, कारण ‘डॉट इन’ हा भारताचाच शेवट. अशा उघड्या पत्त्यांना मी ‘कच्चे’ असा शिक्का मारून वेगळे ठेवतो.

पत्ता भागांत तोडण्याचं काम पायथॉनच्या यूआरएलस्प्लिटवर सोपवा, मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवून. ते पत्ता योग्य आहे की नाही हे तपासत नाही. आणि पुढे एचटीटीपी नसलेला, तीन डब्ल्यूंनी सुरू होणारा पत्ता दिलात तर ते यजमानाचं, म्हणजे संकेतस्थळाचं, नाव रिकामं ठेवतं आणि सगळं पाथमध्ये, म्हणजे त्यापुढच्या भागात, घालतं. आधी एचटीटीपीएस जोडून द्या, आणि ते तुम्ही जोडलंय याची नोंद ठेवा. पीडीएफमध्ये ओळीच्या शेवटी आडवी रेघ येऊन पत्ता तुटला असेल तर ती रेघ पत्त्यातली की छपाईतली, हे नियमाने ठरत नाही. आरएफसी ३९८६ सुद्धा या संदिग्धतेबद्दल सावध करून थांबतं. मी दोन्ही रूपं नोंदवतो.

आता तारखा. हेरण्याची फेरी सैल ठेवा म्हटलं, पण तुमच्या कागदांत तारीख नसलेल्या तारखा फार. पहिला मान सातबाऱ्याचा. ‘७/१२ उतारा’ म्हणजे सात डिसेंबर नव्हे. ‘सर्व्हे नं. १२/३/१’ किंवा ‘गट क्र. ४/२/११’ या तर पूर्ण तीन आकड्यांच्या तारखाच दिसतात. जावक क्रमांकात वर्ष आणि तिरक्या रेघा असतात. ‘१०.३०’ ही वेळ असते. आणि सर्वांत फसवं म्हणजे ‘२०११-१२’: आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार तो डिसेंबर २०११, आपल्या कार्यालयात ते आर्थिक वर्ष. ‘२०००-०१’ ते ‘२०११-१२’ या बारा वर्षांत ही गल्लत होते. ‘२०१२-१३’ पासून सुटका, कारण तेरावा महिना नाही.

यासाठी आकड्यांकडे टक लावून उपयोग नाही, शेजार पाहावा लागतो. मागच्या वीस-पंचवीस अक्षरांत ‘दि.’, ‘दिनांक’, ‘रोजी’ यांपैकी काही आहे का? की ‘गट’, ‘सर्व्हे’, ‘क्र.’, ‘नं.’, ‘जा.क्र.’ आहे? ‘रोजी’ बहुतेकदा नंतर येतं, म्हणून पुढेही पाहा. शेजाराने दिलेली साक्ष आकड्यांच्या रूपापेक्षा जास्त वजनाची धरा. ‘उतारा’ शब्द पुढे असेल तर मी आकडे वाचतच नाही.

राजपत्राच्या डोक्यावरची ओळ साधारण अशी असते: ‘गुरुवार ते बुधवार, ऑगस्ट ४-१०, २०१६/श्रावण १३-१९, शके १९३८’. यातलं ‘४-१०, २०१६’ तारखा वाचणाऱ्या एखाद्या उत्साही पार्सरला दिलं की तो ४ ऑक्टोबर २०१६ सांगतो आणि वर खात्रीही देतो. मधली रेघ इथे ‘पासून-पर्यंत’ आहे. महिन्याचं नाव आधी आलं असेल तर रेघ म्हणजे अवधी, हा नियम मी फक्त राजपत्रांपुरता लावतो. शक तारखेला मात्र कचरा समजून फेकू नका, ती फुकटची पडताळणी आहे. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, तो दिवस १ चैत्र १८७९. तिचा श्रावण २३ जुलैला सुरू होतो, म्हणून ४ ऑगस्ट म्हणजे १३ श्रावण. दोन्ही बाजू जुळल्या की या ओळीबद्दल शंका उरत नाही. फक्त पंचांगाची लायब्ररी त्यासाठी वापरू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरातला श्रावण चांद्र असतो, तो दरवर्षी हलतो.

दिवस आधी की महिना आधी, हे कोणतंच रेजेक्स सांगू शकत नाही. ‘०३/०४/२०१९’ मध्ये ती माहितीच नाही. पायथॉनची डेटयूटिल लायब्ररी न सांगता महिना आधी धरते, आणि पहिला आकडा बारापेक्षा मोठा असला की गुपचूप उलट वाचते. मला याचा फटका बसला आहे. एका कार्यालयाची जुनी नोंदवही मी याच पद्धतीने भरली. काहीच अडलं नाही, एकही एरर नाही, सगळे खूश. दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असलेले वर्षात १४४ दिवस असतात. त्यांतले १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे १२ उलटले तरी तेच राहतात. उरलेल्या १३२ दिवसांच्या नोंदी चुकल्या होत्या, म्हणजे वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एका बाईंनी विचारलं, ‘हे पत्र यायच्या आधीच त्याला उत्तर कसं गेलं?’ तेव्हा कळलं.

तेव्हापासून क्रम ओळीगणिक ठरवायचा नाही, स्रोतागणिक ठरवायचा. एका विभागाच्या सगळ्या कागदांतल्या आकडी तारखा एकत्र घ्या. पहिल्या जागी बारापेक्षा मोठे आकडे येत असतील आणि दुसऱ्या जागी कधीच नसतील, तर तो स्रोत दिवस-आधीचा. दोन्ही जागी आढळले तर थांबा, त्यात दोन वेगळे स्रोत मिसळलेत. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीनेही २.० आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, हीच दिशा धरली: पहिल्या नोंदीवरून रूप ठरवायचं आणि पुढे न जुळल्यास एरर द्यायचा. पहिल्यांदा लोक वैतागले होते. मी नाही.

शासन निर्णयांना आणखी एक आधार असतो. शेवटच्या परिच्छेदात, हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक आहे, असं वाक्य असतं. त्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वरच्या तारखेशी ते ताडून पाहा. एकदोन दिवसांचा फरक चालेल, चार महिन्यांचा आला तर दिवस आणि महिना उलटलेत. हा संकेतांक स्वतः तारीख म्हणून यादीत येऊ देऊ नका मात्र.

दोन अंकी वर्षांसाठी पायथॉनचा स्ट्रपटाइम पॉसिक्स या प्रमाणाची रीत पाळतो: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. म्हणजे ‘५५’ साली जन्मलेले पेन्शनर २०५५ मध्ये जन्माला येतात. माझा नियम साधा आहे: कागदात उल्लेखलेला संदर्भ कागदाच्या स्वतःच्या तारखेनंतरचा असू शकत नाही. २०१९ च्या निर्णयातलं ‘५५’ हे १९५५ च. अंतिम मुदती आणि योजनांचे कालावधी याला अपवाद, तिथे ‘पर्यंत’ शब्द शोधा.

अशक्य तारखांचंही बघा. ३१ फेब्रुवारी दिली तर पायथॉन चक्क नकार देतो, हे उत्तम. जावाचा जुना सिंपलडेटफॉरमॅट मार्चमध्ये सरकून मोकळा होतो. तुमच्या कामाचा दुसरा भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे म्हणता, तर तिथे आणखी एक खड्डा: आडव्या रेघांची नुसती आयएसओ तारीख तो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली मध्यरात्र, मानतो. भारतात पहाटे साडेपाच वाजलेले दिसतात, तारीख तीच राहते, म्हणून चूक कळत नाही. तेच पान न्यू जर्सीतल्या कुणी उघडलं की आदला दिवस. तारीख ही तारीख म्हणूनच पाठवा, तिला वेळ चिकटू देऊ नका.

रेजेक्सची लांबी आणि वेग यांवर थोडं. पीडीएफमधून निघालेल्या मजकुरात हजारो मोकळ्या जागा सलग असू शकतात. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं प्रश्नोत्तरांचं संस्थळ अर्ध्या तासाहून जास्त बंद पडलं, ते ओळीच्या टोकाची रिकामी जागा छाटणाऱ्या एका साध्या एक्स्प्रेशनमुळे. एका पोस्टमध्ये सलग सुमारे वीस हजार मोकळ्या जागा होत्या. तुमचा पॅटर्न त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे. आधी सलग जागा एकावर आणा, आणि एका मोठ्या पॅटर्नऐवजी सहा-सात छोटे ठेवा: आकडी, मराठी महिना, इंग्रजी महिना, अवधी, शक, असे. प्रत्येकाला नाव द्या.

नाव अशासाठी, की निकालात ते हवं आहे. प्रत्येक सापडलेल्या गोष्टीमागे मी मूळ मजकूर जसाच्या तसा, त्याची जागा, लावलेला अर्थ, कुठल्या नियमाने लावला, आणि शंका असेल तर तिचं कारण ठेवतो. उद्या नियम बदलला तर पीडीएफ पुन्हा उघडावी लागत नाही.

‘हे सगळं भाषिक मॉडेललाच का देऊ नये?’ असंही तुम्ही विचारलंत. शंकेच्या खात्यातल्या ओळींसाठी जरूर द्या, मेसर्सवाली ओळ ते बहुधा बरोबर वाचेल. अट एकच: त्याने दिलेला तुकडा मूळ मजकुरात अक्षरशः सापडला पाहिजे. नाही सापडला तर तो घेऊ नका.

सुरुवात अशी करा. वेगवेगळ्या विभागांचे शंभर परिच्छेद निवडा आणि त्यांतल्या तारखा व पत्ते हाताने खुणा करून ठेवा. दोन दुपारी जातील. मग प्रत्येक बदलानंतर त्यांच्यावर चालवून पाहा. निवडताना महसूल विभागाचे कागद मुद्दाम जास्त घ्या, कारण सर्व्हे नंबर तिथेच भरपूर मिळतील.